कोपरबाजाचा नंबर

पांढरकवड्यात गेल्या चाळीस वर्षांत ज्या कोणाचं काम वेळेआधी झालं असेल, त्यानं एकदा तरी माझ्या भाऊजींचा नंबर खाल्लेला आहे, हे मी कुठल्याही कागदावर सही करून द्यायला तयार आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. रेशनचं दुकान, बँक, तहसील, दवाखाना, न्हावी, जिथे म्हणून माणसं एकामागे एक उभी राहतात तिथे भाऊजी सगळ्यांच्या आधी पोचत आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर पडत. मागचा माणूस नुसता घड्याळाकडे पाहू लागला तरी यांचा जीव कळवळायचा. "जा बापा समोर, तुले घाई दिसते," म्हणून ते बाजूला सरकत. घाई नसलेला माणूस या जगात भाऊजींना भेटलाच नाही. लोकांनाही हे ठाऊक झालं होतं. भाऊजी रांगेत दिसले की चांगली धडधाकट माणसं त्यांच्यामागे येऊन उभी राहत आणि कण्हायला लागत. एकदा बँकेत पासबुक भरायला सकाळी दहाला गेलेले भाऊजी चारला कोरं पासबुक घेऊन परत आले. ताईनं विचारलं तर म्हणाले, आज गर्दी लई होती. त्या गर्दीतल्या प्रत्येकाचं पासबुक भरून झालं होतं.

मी याच्या अगदी उलट आहे. मी सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या गेटवरच्या ऑफिसात बसते. कापसाच्या गाड्यांना टोकन द्यायचं, नंबर लावायचा आणि नंबरप्रमाणे गाडी आत सोडायची, हे माझं बावीस वर्षांचं काम. माझ्या गेटमधून नंबर मोडून एकही गाडी आत गेलेली नाही. सख्ख्या दिराची गाडी मी अठ्ठाविसाव्या नंबरवर ठेवली होती, तेव्हा तो दोन दिवाळ्या आमच्याकडे जेवायला आला नाही. घरीसुद्धा माझ्या याद्या असतात. किराण्याची असते, दुरुस्तीची असते, आणि कोणाकडून आलेली साडी कोणाला जाता कामा नये याचीही असते. झालेल्या कामापुढे बरोबरची खूण करताना मला जेवढं समाधान मिळतं तेवढं देवळातही मिळत नाही. भाऊजी मला मुनीमबाई म्हणत. गेटवर येऊन कोणाची तरी वशिलेबाजी करत, "मुनीमबाई, याचा बैल बसून गेला, याले घे ना समोर." मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवून म्हणायची, "तुमीच खोडा एक नाव." नाव खोडायचं म्हटलं की ते रजिस्टर माझ्याकडे परत सरकवायचे. स्वतःचं सोडून दुसऱ्या कोणाचं नाव त्यांना कधी खोडता आलं नाही.

हा रोग त्यांना लग्नाच्याही आधीपासून होता, आणि आम्हाला तो लग्नाच्याच दिवशी कळला. दाट तारीख होती. मारोतीच्या देवळापाशी पाच नवरदेव पाया पडायला आलेले, पाच वराती, पाच घोडे. आमचे दुसरे होते. तिसऱ्याची मंडळी म्हणाली की आम्हाला लांब जायचं आहे. भाऊजींनी त्याला पुढे सोडलं. चौथ्याची आजी उन्हात बसली होती, त्यालाही सोडलं. पाचव्याचा बँड आलेलाच नव्हता. भाऊजी स्वतः बँडवाले, त्यांच्या वरातीत त्यांचीच बँड पार्टी वाजत होती. त्यांनी नंबर तर दिलाच, वर आपला बँडही त्याच्यासोबत लावून दिला. आमच्या मांडवात नवरदेव आला तो गोरज टळून गेल्यावर, बिनबँडचा, आणि घोडंही कोणाला तरी दिलेलं असल्यामुळे पायी. बाबांनी मांडवाचा खांब धरून ठेवला होता, बहुधा तो उपटून हाणू नये म्हणून. ताई हार हातात घेऊन उभी होती आणि हारातली निम्मी फुलं तिच्या पायाशी पडली होती. पुढे कधीही हा विषय निघाला की ती शांतपणे म्हणायची, "मले त्याच दिवशी समजलं होतं, आपला नंबर या घरात शेवटचा आहे."

हिवाळाभर भाऊजी दुसऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते आणि लग्नसराईत क्लॅरनेट वाजवत. वाजवत छान. मी कोणाची उगीच स्तुती करत नाही, तेव्हा हे खरं धरावं. वरात चौकात थांबली की एका वाद्याला एकट्यानं वाजवायची संधी मिळते. ती हक्कानं क्लॅरनेटची असे, आणि भाऊजी चार स्वर वाजवून ट्रम्पेटवाल्याकडे बोट दाखवत. ट्रम्पेटवाल्याला बक्षिसं मिळत. पण ते चार स्वर ऐकायला माझ्यासारखी बाईही हातातलं काम टाकून दारात यायची. मग व्हायचं तेच झालं. पंचवीस वर्षं कापसाची बारीक धूळ छातीत गेल्यावर छाती किती दिवस हवा देणार? यवतमाळच्या डॉक्टरनं क्लॅरनेट फुंकणं बंद करायला लावलं. त्या दवाखान्यातही यांनी आपला नंबर एका खोकणाऱ्याला दिला होता आणि बाकावर धापा टाकत बसले होते, हे ताईनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. क्लॅरनेट त्यांनी त्याच आठवड्यात बँडमधल्या एका होतकरू माणसाला देऊन टाकलं. मी विचारलं, निदान घरी ठेवायचं तरी. म्हणाले, "त्याचा नंबर कवापासून लागून होता." मी त्या दिवशी त्यांच्याकडे चहा न घेता परत आले.

त्यानंतर सहा-सात वर्षं ते नुसते बसून होते. मग एके दिवशी मोबाइल दुरुस्त करायला गेले आणि अर्थातच सगळ्यांना पुढे सोडत तीन तास दुकानात बसले. दुकानदारानं कसला तरी परदेशी कार्यक्रम लावून ठेवला होता. त्यात एक म्हातारा गोरा खुर्चीवर बसून बाजा वाजवत होता. त्याचं तोंड मोकळं होतं. वाजवता वाजवता तो शेजारणीशी बोलत होता. भाऊजी मोबाइल तिथेच विसरून तडक माझ्याकडे आले, आणि पायरीवर बसून दम परत मिळेपर्यंत मला बोटानं थांब म्हणत राहिले. मग म्हणाले, "मुनीमबाई, तोंडच लावाचं नाही. कोपरानं वाजते."

तो बाजा आयर्लंडचा. त्याला इलन पाइप्स म्हणतात. उजव्या कोपराखाली लोहाराच्या भात्यासारखा एक लहान भाता बांधायचा आणि दाबत राहायचा. हवा डाव्या काखेतल्या कातडी पिशवीत जाते, पिशवीतून मांडीवर उभ्या धरलेल्या नळीत, आणि बोटं नळीवर सूर काढतात. श्वास स्वतःचा स्वतःला राहतो. भाऊजींनी त्याचं नाव कोपरबाजा ठेवलं आणि माझ्यावर काम टाकलं. नवशिक्यानं पहिला बाजा कोणता घ्यावा, हे मी शोधून सांगायचं. पैशाचा प्रश्न नव्हता. फंडातली काही रक्कम ताईनं आपणहून बाजूला काढून दिली होती. "एवढं एक तरी यायच्या हातात येऊ दे," एवढंच ती म्हणाली.

मी वही घातली. मला यातलं काही कळत नव्हतं, पण फ्रीज घेतानाही मला काही कळत नव्हतं. तीन महिने मी रोज जेवणानंतर त्या देशातल्या हौशी लोकांचं लिखाण मोबाइलवर भाषांतर करून वाचलं. बाजा तीन प्रकारांत मिळतो. एक शिकाऊ संच, त्यात भाता, पिशवी आणि बोटांची नळी. दुसरा अर्धा संच, त्यात एकाच सुरात घुमत राहणाऱ्या तीन नळ्या जास्त. तिसरा पूर्ण संच, त्यात मनगटानं दाबायच्या किल्ल्यांचं एक लचांड आणखी. सगळ्या जाणत्यांचं एकमत होतं की नवशिक्यानं शिकाऊ संच घ्यावा आणि हावरटपणा करू नये. भाऊजींना हावरटपणा शिकवायलाच मास्तर लागला असता, तेव्हा ते एका मिनिटात ठरलं. पुढे लाकूड कोणतं, सूर कोणता, हे ठरायला दोन महिने गेले. असे बाजे करणाऱ्या तिकडच्या एका कारागिराला मी आमच्या हवेबद्दल लिहिलं, की उन्हाळ्यात आमच्याकडे पापड दोन तासांत वाळतो. त्याचं उत्तर आलं, मग नळीतली पत्तीही वाळेल. पत्ती म्हणजे वेताची पातळ पट्टी, तिच्या थरथरण्यातून आवाज निघतो. भाऊजींनी यावर प्रयोग केला. क्लॅरनेटच्या जुन्या पत्त्या घरात पडल्या होत्या. त्यातल्या दोन कूलरसमोर ठेवल्या आणि दोन गच्चीवर ताईच्या कुरडयांच्या चादरीवर वाळत घातल्या. कूलरपुढच्यांचं काय झालं ते कोणालाच समजलं नाही. गच्चीवरची एक मात्र कुरडयांबरोबर डब्यात गेली, डब्यातून कढईत, आणि माझ्या नवऱ्याच्या ताटात. त्यानं ती बराच वेळ चावली आणि यंदा गहू वेगळा घेतला का म्हणून विचारलं.

आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, ती माझ्या बाजूची नाही. त्याच काळात मला मुंबईचा एक विक्रेता सापडला होता. त्याच्याकडे स्वस्तातला कोपरबाजा तयार पडलेला होता, सहा दिवसांत घरपोच. भाऊजींनी फोटो पाहिला आणि त्यांचं कोपर आपोआप हललं. "हा कसा आहे, मुनीमबाई?" त्यांनी विचारलं. कसा आहे ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. जाणते लोक म्हणत होते की असला बाजा शोभेचा असतो, तो सुरात येत नाही, नवशिका कंटाळून सोडून देतो. मी ते वाचून दाखवलं आणि त्या ओळीपुढे 'बाद' लिहिलं. भाऊजी म्हणाले, "बाद तं बाद." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. माझी ओळ बरोबरच होती, आजही ती कोणी तपासावी. पण सहा दिवसांत दारात आला असता असा बाजा मी खोडला, आणि जो चांगला होता त्याच्या कारागिराकडे तीन वर्षांची रांग होती. तो वर्षाकाठी मोजकेच बाजे करतो, एका हातानं, नंबरप्रमाणे. मला तर तो देवमाणूस वाटला. मी भाऊजींचं नाव लावलं, भाऊजींच्या मोबाइलवर त्यांच्या नावाचा मेल उघडून दिला, आणि वहीत खूण केली. भाऊजींना आणि रांगेला मी स्वतःच्या हातानं एकत्र आणलं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. याद्या करणारी माणसं हुशार असतात हा एक गैरसमज आहे.

ती तीन वर्षं भाऊजींइतका सुखी माणूस तालुक्यात नव्हता. त्यांनी शेकायची रबरी पिशवी आणली, हवा भरून डाव्या काखेत धरली, उजव्या काखेत उशीचं एक लोडकं, आणि मांडीवर छत्रीची दांडी. अशा थाटात रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते कोपरं हलवत आणि छत्रीवर बोटं चालवत. आवाज कसलाच नाही. येणारे-जाणारे थांबून पाहत. भाजीवालीनं ताईला हळूच विचारलं की यांच्या अंगावरून वारं कधी गेलं. पुढे पुढे त्यांना लोडकंही लागेना. चालताना, जेवताना, फोनवर बोलताना उजवं कोपर बारीक लयीत आतबाहेर होत राही. एसटीत शेजारचा माणूस जागा बदलून घेई. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे रांगेतही ते तसेच उभे राहत. कोपर बाजूला गेलं की मागच्याला वाटे, हे वाट देताहेत. तो सरळ पुढे घुसे. भाऊजींना तेवढंही म्हणावं लागेनासं झालं.

मग नंबर आला. मला तो चार दिवसांनी कळला, आणि तोही ताईकडून. कारागिराचा मेल आला होता की लाकूड निवडतो, होकार कळवा. भाऊजी मोबाइलच्या दुकानात गेले आणि दुकानदाराकडून उलट लिहून घेतलं, माझ्यामागं कोण आहे? त्या भल्या कारागिराला हसू आलं असेल, पण त्यानं सांगितलं. मागे एक पोस्टमन होता, पाय मोडून घरी बसलेला. संपलं. भाऊजींनी पोस्टमनला पुढे सोडला. मी तणतणत गेले तेव्हा ते मला समजावून सांगू लागले. "पाह्य, तो बाजा बसून वाजवाचा आहे. तो मानूस आता बसूनच आहे. पाय बरा झाल्यावर त्याले कोन बसू देते? मी तं काय, हिंडून-फिरून राह्यलो." हे वाक्य म्हणताना त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं, कारण आतल्या खोलीपासून ओट्यापर्यंत हिंडून-फिरून आल्यामुळे दम लागला होता. मी म्हटलं, तीन महिने मी डोळे फोडून वाचलं ते त्या पोस्टमनसाठी का? ते म्हणाले, "तुयं वाचलेलं वाया नाही गेलं. त्याच्या कामी पडलं." मी दीड महिना त्यांच्याशी बोलले नाही. आमच्या घरात हा माझा विक्रम आहे, आणि तो मी कौतुकानं सांगत नाही. त्या दीड महिन्यात ते रोज ओट्यावर छत्री वाजवत होते आणि मी रोज समोरून, मान सरळ ठेवून, कामावर जात होते.

दुसऱ्या वेळी मी तयारीत होते. मेलचा पासवर्ड बदलून मी माझ्याकडे ठेवला होता. आठ महिन्यांनी पुन्हा पत्र आलं तेव्हा ते आधी मी वाचलं. होकार लिहून तयार केला आणि मोबाइल घेऊन त्यांच्याकडे गेले. तेव्हा ते ओट्यावर येत नव्हते, खाटेवर टेकून बसत. मी म्हटलं, भाऊजी, फक्त हे बटण दाबा. त्यांनी बोट पुढे केलं आणि विचारलं, "मागं कोन आहे?"

"कोनीच नाही," मी म्हटलं. नंबरांच्या बाबतीत मी आयुष्यात बोललेलं हे एकच खोटं.

भाऊजींनी बोट मागे घेतलं. "कोनीच नाही? मंग यादी कायची, मुनीमबाई?"

मी तिथंच बसून कारागिराला मेल केला. त्याचं उत्तर आलं. मागे एक बाई होती, पाव भाजण्याच्या कारखान्यात कामाला, आणि तिच्या आईला मरायच्या आधी लेकीचं वाजवणं ऐकायचं होतं. मी ते वाचून दाखवलं आणि वाचतानाच मला समजलं की बाजा गेला. मग मात्र मी भांडले. ताईच्या देखत, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं भांडले. म्हटलं, तुमच्यापाशी किती दिवस आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही आहे, मग ही थेरं कोणासाठी? लोक तुम्हाला भोळे समजतात आणि तुमच्या डोक्यावरून पाय देऊन जातात, आणि तुम्हाला त्यातच मोठेपणा वाटतो. ते सगळं ऐकून घेत होते. कोपर चालूच होतं. मग ते थांबलं.

"तो घरी आला," ते म्हणाले, "अन् मले वाजवताच नाही आला, तं मंग?"

त्यांनी हात पुढे केले. औषधांनी बोटं थरथरत होती. ते मला आधी दिसलं नव्हतं, कारण छत्रीवर थरथर ऐकू येत नाही. मला वाटतं, चाळीस वर्षांत त्यांनी ज्याला त्याला नंबर दिला तो सगळाच काही चांगुलपणा नसावा. रांगेच्या तोंडाशी गेल्यावर खिडकीतला माणूस काहीतरी विचारतो, आणि उत्तर द्यावं लागतं. मागे उभ्या असलेल्या माणसाला काही द्यावं लागत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त म्हटलं, "शिकाऊ संच आहे भाऊजी. ज्याले वाजवता नाही येत त्याच्यासाठीच असते तो." त्यावर ते इतके हसले की ताई पाणी घेऊन धावत आली, आणि हसू खोकल्यात जाऊन तो अर्धा तास थांबेना. शांत झाल्यावर म्हणाले, "लिहून दे तिले. मायचं काम आहे. मी पुढच्या खेपेले घेतो, पक्कं." आणि मी, जिनं सख्ख्या दिराला पुढे सोडलं नाही तिनं, माझ्या बोटांनी ते लिहून पाठवलं. दोन चुका माझ्या नावावर आहेत. स्वस्तातला बाजा खोडला ती पहिली, आणि हे लिहिलं ती दुसरी. दोन्ही वेळा माझ्याकडे कारणं होती, आणि ती वहीत नीट लिहिलेली आहेत.

चैत्रात भाऊजी गेले. भर दुपारी, घरी, ताई त्यांना चहा बशीत ओतून देत असताना. त्रेसष्ट वर्षांचे होते. घरात त्यांच्याहून मोठी माणसं होती, गल्लीत तर कितीतरी आजारी होती. जन्मभर सगळ्या रांगांत मागे सरकलेला माणूस या एकाच रांगेत सगळ्यांना बाजूला सारून घुसला, आणि या वेळी मागं कोण आहे हे काही त्यांनी विचारलं नाही. मागे ताई होती. तिरडी निघाली तेव्हा त्यांचा जुना बँड न बोलावता आला. चौकात थांबून वाजवायचं ठरलं, पण क्लॅरनेटवाल्यानं क्लॅरनेट ओठांना लावलं, तसंच खाली घेतलं आणि ट्रम्पेटवाल्याकडे बोट दाखवलं. गर्दीत ज्यांनी ज्यांनी त्यांचे नंबर खाल्ले होते ते बहुतेक सगळे हजर होते. मी मोजत होते. सवय जात नाही. त्या दिवशी मात्र कोणाला घाई नव्हती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कारागिराचं पत्र आलं. नंबर आला आहे, लाकूड काढून ठेवलं आहे. खाली त्यानं लिहिलं होतं, 'तुम्ही विचाराल म्हणून आधीच कळवतो, तुमच्यामागे या वेळी एक निवृत्त बसचालक आहेत.' मी ताईकडे गेले. ती पुरणासाठी डाळ निवडत होती. माझं उत्तर मी लिहूनच नेलं होतं, दोन ओळींचं. सदर गृहस्थ हयात नाहीत, तरी यादीतून नाव कमी करावं. मी ते मराठीत तिला वाचून दाखवलं.

"काहून कमी करतं?" ताई म्हणाली. ती वर पाहत नव्हती.

मी म्हटलं, ताई, यादी अशी ठेवता येत नाही. नाव राहिलं की मागच्या सगळ्यांना अडथळा होतो.

"कोनाले व्हते? मागं कोन आहे?"

"बस चालवायचा. रिटायर झाला."

तिनं डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "मंग त्याले जाऊ दे म्हन समोर. यायचं राहू दे जागेवर. यायले आता कुठं घाई आहे?"

मी लिहिलेलं पुसलं. मग सगळं खरं लिहिलं. ते गेले हे लिहिलं, ताई काय म्हणते ते लिहिलं, आणि बसचालकाला पुढे जाऊ द्यावं, आमचा नंबर आहे तिथे राहू द्यावा, तुमच्या नियमात बसत असेल तर, असंही लिहिलं. नियमात ते बसत नाही. माझ्या गेटवर कोणी असला अर्ज आणला असता तर मी तो परत केला असता. उत्तर अजून आलेलं नाही.

जिनिंगचा हंगाम आता सुरू झाला आहे. गेटवर मी अजूनही कोणाला घुसू देत नाही. हंगामाबरोबर माझी वहीही नवी असते, आणि जुन्या वहीतली राहिलेली कामं मी पहिल्या पानावर उतरवून घेते. यंदा अकरा निघाली. गच्चीची गळती, पाण्याची मोटर, ताईचा मोतीबिंदू, अशी. कोपरबाजा हे त्यांतलं एक. ते मी सगळ्यात शेवटी लिहिलं, म्हणजे बाकीची आधी होतील.